तोटीच्या चोरीबाबत, चौथं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
आपली सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव.

विषय: १०२ मधल्या पाहुण्याच्या चोऱ्या आणि कमिटीचे माफीनामे

महोदय,
स.न.वि.वि.

या विषयावरचं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींची पोच मिळालेली नाही. दुसरं पत्र वॉचमनच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली मी स्वतः पाहिलं. तरी राग न धरता लिहितो आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी गच्चीच्या जिन्यात गेलो, तर माझ्या बंबाची तोटी नाही. आईच्या वेळचा तांब्याचा बंब, त्याची पितळी तोटी बारीक करवतीनं कापलेली. राहिलेला बुडखा लोण्यासारखा पिवळा चमकत होता आणि खाली पायरीवर चिमूटभर कीस सांडला होता. वरून काळपट दिसणारं पितळ आत इतकं पिवळं असतं हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. सेक्रेटरींना बोलावून दाखवलं, तर ते म्हणाले, "काका, जिन्यात सामान ठेवायचं नसतं हो." बंब तिथं तात्पुरता ठेवलेला आहे. सहा वर्षं झाली म्हणून तो कायमचा होत नाही.

तोटी कोणी नेली हे विचारायचीही गरज नाही. गल्लीच्या तोंडावरच्या भंगारवाल्याकडे गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "१०२ चं पोरगं काय? अजून आणलं नाही बघा." गणपतीच्या आधी टाकीचे दोन पितळी नळ गेले. मग दोन स्कूटरमधलं पेट्रोल. माझ्या स्कूटरच्या टाकीत नळी तशीच सोडून गेला होता, म्हणजे पुढच्या खेपेची सोय. मग तिसऱ्या मजल्यावरचं हेल्मेट आणि सायकलचा पंप. पहिल्या तिन्ही वेळा पकडला, कबूल झाला, रडला. तिन्ही वेळा आपण काय केलं? दोन थोबाडीत, एक माफीनामा आणि तो ज्यांच्याकडे राहतो त्या १०२ मधल्या मामांचे जोडलेले हात. हे तिन्ही माफीनामे कमिटीच्या फायलीत आहेत. तिसऱ्याचं अक्षर तर सेक्रेटरींचं आहे, मुलाची फक्त सही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कमिटीनं एकदा नीट ऐकावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर सक्तमजुरी, कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच. पाच हजारांच्या आतला माल, पहिलाच दोष आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. म्हणजे कायद्यानं पहिल्या चुकीला वाट ठेवली आहे आणि सवयीला वेगळा हिशोब लावला आहे. पण हा हिशोब कोर्टात दोषी ठरल्यावर सुरू होतो. आपण कधी तक्रारच दिली नाही, त्यामुळे चार चोऱ्या करूनही कागदावर हा मुलगा एकदाही चोर नाही. पाचवी केली तरी ती पहिलीच. आपले माफीनामे कोर्टात कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरतात, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. सगळं मिळून अकरा हजारांच्या घरात जातं, पण एकेक चोरी पाच हजारांच्या खालीच. हिशोब आपल्या खजिनदारांपेक्षा त्याला चांगला जमतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचं मत वेगळं आहे. राहत्या इमारतीतून उचललं तर कलम ३०५ लागू शकतं, तिथं सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांचा प्रश्न येत नाही. ऐकून मलाच घाम फुटला. तोटीपायी सात वर्षं मला नको आहेत. बावीस वर्षांचं पोर हिंडलग्याच्या तुरुंगात गेलं तर आत नळांपलीकडचंही काही शिकून येईल, एवढं मला कळतं. लिफ्ट बंद होती तेव्हा आमचा सिलिंडर त्यानंच चौथ्या मजल्यावर आणून दिला होता. पैसे घेतले नाहीत, हेही नमूद करतो.

पण मग पंपाच्या रात्री जे झालं तेही चालणार नाही. आपल्या उत्साही मंडळींनी त्याला रात्री दहाला लिफ्टच्या जाळीला बांधला आणि सकाळी सातला सोडला. नऊ तास. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाच्या कायद्याचं, कलम ४० सांगतं की सामान्य माणसाला गुन्हेगार पकडण्याचा अधिकार गंभीर गुन्ह्यापुरता आहे, आणि पकडला तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचा. बांधणं आणि मारणं त्यात कुठेच नाही. उद्या मामांनी तक्रार केली असती तर आरोपी आपण झालो असतो. दोरी माझ्या घरची होती हे खरं आहे, पण कपडे वाळत घालायला हवी असं सांगून ती नेली होती.

तळमजल्यावरच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी माझ्या विनंतीवरून तक्रारीचा मसुदा कन्नडमध्ये लिहून दिला आहे. त्यात तोटीला 'नल्ली' लिहिलंय. वाचून दाखवला तेव्हा आमच्या हिला वाटलं, मटणाची चोरी झाली. असो. मसुदा तयार आहे, त्यावर फक्त कमिटीची सही हवी. मी एकट्यानं दिली तर 'म्हातारा आणि त्याची तोटी' एवढंच होतं. नळ सोसायटीच्या टाकीचे होते.

इमारतीतली अकरा घरं माझ्या मताची आहेत. नावं घालू नका म्हणाले, म्हणून घातलेली नाहीत. सह्या मागितल्यावर दोघांना बाहेरगावी जायचं होतं आणि एकांच्या घरी दार उघडलं नाही, पण आतून टीव्हीचा आवाज येत होता.

तरी माझ्या मागण्या अशा. चारही चोऱ्यांची एकत्र लेखी तक्रार कमिटीनं द्यावी. माफीनामे जोडावेत, सेक्रेटरींच्या अक्षरातलासुद्धा. १०२ च्या मामांनी नळांचे आणि तोटीचे पैसे भरावेत. दिवसभर रिक्षा चालवून तो माणूस घरी येतो, त्याची मला कीव येते, पण भाच्याला ठेवून घेतलाय त्यांनी. पाहुणा किती दिवस राहू शकतो याबद्दल आपल्या नियमावलीत कलम आहे, ते वाचावं. माल परत केला तर कोर्टासमोर त्याच्या बाजूनं बोलायला मी स्वतः जाईन. समाजसेवा मिळालीच तर आपली टाकी धुवायला लावता येईल का, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, काम कोर्ट ठरवतं, सोसायटी नाही. टाकी मात्र दिवाळीपासून धुतलेली नाही.

आणि कॅमेरे. चार आहेत. एक बंद, एकावर कोळ्याचं जाळं, एक गेटकडे. चौथा तुमच्या गाडीकडे. तुमच्या गाडीचं आजवर काही चोरीला गेलेलं नाही, तेव्हा तो जिन्याकडे वळवायला हरकत नसावी. शिडी माझ्याकडे आहे.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मसुदा घेऊन मी एकटा पोलीस ठाण्यात जाईन, आणि कमिटीला तीन वेळा कळवलं होतं हेही तिथं सांगेन.

आपला,
४०४ मधील सभासद

ता.क. नोटीस बोर्डावर माझा दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी दाखवला आहे. तो बाकी नाही, तोटीची किंमत ठरेपर्यंत राखून ठेवला आहे. ठरली की वळती करून उरलेले भरतो.