विजय दिवसाची गाणी

ठाणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

यादी पाहिली. नेरूळला तुमच्या सोसायटीत १६ डिसेंबरला दोन तासांचा कार्यक्रम आणि गाणी अठरा! एक गाणं पाच मिनिटांचं धरलं तरी दीड तास तिथेच संपला. उरलेला अर्धा तास निवेदन, सत्कार आणि तुमच्या चेअरमनसाहेबांचा. मग ते तीन माजी सैनिक बोलणार कधी? नऊ गाणी ठेव. गाण्याने त्यांना बोलतं करायचं, एवढंच गाण्याकडून मागायचं.

कुठली नऊ, हे घरी बसून ठरवू नकोस. आधी तिघांकडे जाऊन पदकं बघून ये. ७१ च्या युद्धातल्या माणसाकडे 'पूर्वी स्टार' हे पदक असेल तर तो पूर्वेच्या आघाडीवर होता, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या बाजूला, नद्या आणि चिखलात. पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम आघाडी. संग्राम मेडलवरून आघाडी कळत नाही, ते दोन्हीकडच्यांना मिळालं. समर सेवा स्टार ६५ चा, ऑपरेशन विजय स्टार कारगिलचा. हे का बघायचं, तर तुझ्या यादीत 'बॉर्डर' सिनेमातलं गाणं आहे. तो सिनेमा राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा. पूर्वी स्टारवाल्या आजोबांची ओळख करून दिल्यावर लगेच ते गाणं लावलंस, तर ते टाळ्या वाजवतील, पण त्यांच्या मनातलं काही वर यायचं नाही.

निवेदिकेला एक सांगून ठेव: वरची सगळी सेवापदकं आहेत. परमवीर, महावीर, वीर चक्र, सेना पदक ही वेगळी. सगळ्यांना सरसकट 'शौर्यपदक विजेते' म्हटलं की समोरचा माणूस अवघडतो; चारचौघांत चूक दुरुस्त करणं त्याला बरं वाटत नाही आणि मग तो दोन वाक्यांत आटोपतं घेतो. पलटणही नीट लिहून आण. 'मराठा लाईट इन्फंट्री' एवढ्यावर थांबू नकोस, कितवी बटालियन ते विचार. जंगी पलटण म्हणजे पहिली. तो शब्द तुझ्या तोंडून आला की पुढचं आपोआप येतं. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही त्यांची युद्धघोषणा. ती मुलांकडून पाठ करून घेऊ नकोस, त्यांनी स्वतः दिली तर सगळ्यांनी साथ द्यावी.

आता 'ऐ मेरे वतन के लोगों'. ते तू कारगिलच्या भागात टाकलं आहेस. गाणं ६२ च्या चीन युद्धानंतरचं. कवी प्रदीप यांचे शब्द, चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, आणि लताबाईंनी ते पहिल्यांदा दिल्लीत २७ जानेवारी १९६३ ला नेहरूंसमोर गायलं. कारगिलवाल्यांसाठी गायला हरकत काहीच नाही, पण निवेदनात ६२ म्हणा. गाणं सहा मिनिटांच्या वर जातं. सुरुवात ठेक्याशिवाय आहे. तिथे तबलजींनी हात मांडीवर ठेवायचे. सा, म्हणजे गायची पट्टी, ठरवताना मुखड्यावरून ठरवू नका, तिथे सगळ्यांचंच बरं चालतं. अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ आधी गाऊन बघा, ती न ओरडता लागली तो सा खरा. तुमच्या बायका काळी चारच्या उंच पट्टीत गाणार असतील तर समोरच्या आजोबांना साथ देता येणार नाही. समूहगीतं तरी थोडी खाली घ्या. आणि हे गाणं संपल्यावर निवेदिकेने लगेच माईक उचलायचा नाही. मनातल्या मनात वीस मोजायचे.

'कदम कदम बढाये जा' हे आझाद हिंद सेनेचं, चालण्याचं गाणं. कवायतीत तेज चाल मिनिटाला साधारण १२० पावलांची असते, तीच लय ठेवा. ढोलकवाला रंगात आला की दीडशेवर नेतो, मग मुलं शब्द गिळतात आणि म्हाताऱ्यांच्या टाळ्या मागे पडतात.

मराठीतलं 'अनाम वीरा' तुझ्या यादीत नाही, ते घे. कुसुमाग्रजांचं, वसंत प्रभूंची चाल. त्याच्या आधी दोन मिनिटं स्तब्धता ठेव. बिगुलावरचा 'लास्ट पोस्ट', म्हणजे शहिदांच्या मानवंदनेची धून, मोबाईलवरून लावणार असशील तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाक, नाहीतर मधेच कुणाच्या तरी कर्जाचा फोन येईल. 'जय जय महाराष्ट्र माझा' सुरुवातीला. राज्यगीत म्हणून स्वीकारलेलं दोन कडव्यांचं आहे, १ मिनिट ४१ सेकंदांचं. शेवटी जन गण मन, ५२ सेकंद. कराओके ट्रॅक घेतलात तर आधी घड्याळ लावून बघा, काही ट्रॅक मिनिटाच्या वर रेंगाळतात.

नौदलातले काका आहेत म्हणून कुणीतरी कोळीगीत सुचवलंय. आपल्या आगरी-कोळी मंडळींना आवडेल, पण त्याचा युद्धाशी संबंध नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले आणि त्यांच्यातच कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. एवढं शांतपणे वाचून दाखवा आणि काकांकडे बघा. तिथे गाणं नकोच.

साउंडवाल्याला सांग, स्पीकर स्टँडवर, डोक्याच्या वर आणि माईकच्या पुढे. मागे ठेवले तर शिट्टी येणारच. सैनिकांच्या खुर्च्या स्पीकरच्या थेट समोर नकोत. तोफखान्यातल्या माणसांचे कान बहुधा गेलेले असतात, आणि श्रवणयंत्रात झांजेचा आवाज टोचतो. गोळीबाराचे इफेक्ट आणि फटाके अजिबात नाहीत. उघड्यावर आहे, खाडीचा वारा आणि दव असेल. तासाभरात तबला उतरतो. हातोडी जवळ ठेवायला सांग. परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच काढा आणि दहाच्या आत सगळं बंद.

बोलताना त्यांच्या हातात कॉर्डलेस माईक देऊ नकोस. ऐंशीच्या हाताला कंप असतो, ते माईक घट्ट धरतात, अंगठा नेमका बटणावर जातो, आणि पहिलंच वाक्य कुणाला ऐकू येत नाही. मग कुणीतरी धावत येऊन बटण दाबतं, ते "असू दे, असू दे" म्हणतात आणि दुसऱ्याच वाक्यापासून सुरू करतात. पहिलं गेलं ते गेलं. हाताची खुर्ची दे, समोर आडव्या दांडीचा स्टँड, माईक हनुवटीच्या किंचित खाली, तोंडापासून चार बोटं. 'युद्धाबद्दल सांगा' असं विचारू नका. 'हे गाणं तेव्हा रेडिओवर कुठे ऐकलंत?' असं विचारा. बंकर, लंगर, हॉस्पिटल, काहीतरी एक जागा येते, आणि जागा आली की माणसं येतात.

ते बोलत असताना मागे हार्मोनियमवर हळू सूर धरायची फॅशन आहे, ती बंद. आणि नऊपैकी सातव्या-आठव्या गाण्यापुढे आत्ताच पेन्सिलीने फुली मारून ठेव. त्या गायकांनाही आधी सांग, म्हणजे ऐनवेळी रुसवे नकोत. आजोबा बोलायला लागले की ती दोन जाणार.

तुझी,
आई