नावं विचारायची राहिलीच
आमची राणी, वरातीची घोडी, परवा मध्यरात्री पोटाकडे वळून वळून बघत लोळायला लागली. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून डॉक्टरांनी आधी नाकातून नळी घालून पोट हलकं केलं. पण मोठ्या आतड्याला पीळ पडलेला, ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता.

भर पावसात कुर्ल्याला अडकलेला टेम्पो ढकलणारी पोरं, भाडं न घेणारा ड्रायव्हर, भूल दिलेलं ४०० किलोचं जनावर उताणं करून टेबलावर घेणारे हात... नावं विचारायची राहिलीच. (मी रडत होतो, कबूल.) ३ मीटरहून लांब आतडं, पीळ सोडवला; काळं पडलं नव्हतं, कारण तुम्ही वेळेत पोचवलंत.

आज सकाळी राणीने लीद टाकली. एवढा आनंद पोराच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता! मनापासून आभार. तबेल्यावर या, चहा आहेच.