किंग यांच्या आधी नागपुरात आलेला पाद्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण तो वाचून असे वाटते की 1959 साली किंग भारतात आले, गांधीजींचा मार्ग समजून घेतला आणि तो घेऊन मायदेशी गेले. गोष्ट इतकी सरळ नाही. किंग भारतात येण्याआधीच टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एक पाद्री हा मार्ग पोरापोरींकडून घोटून घेऊ लागला होता, आणि हा माणूस त्याआधी तीन वर्षे आपल्या नागपुरात राहून गेला होता. रेव्हरंड जेम्स लॉसन. नागपूरच्या वर्तमानपत्रात तरी हे नाव गाळले जाऊ नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

लॉसन यांचा जन्म 1928चा, पेनसिल्व्हेनियातला. वडीलही मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) पंथाचे पाद्रीच. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी 13 महिने तुरुंग भोगला. सुटल्यावर 1953 साली मेथडिस्ट मिशनतर्फे ते हिस्लॉप कॉलेजात आले. मुलांना खेळ शिकवायचे आणि मिशनचे काम पाहायचे. 'गांधी त्यांना इथे भेटले' असे म्हणायचा मोह आपल्याला होतो, पण गांधीजी त्यांनी अमेरिकेत विद्यार्थिदशेतच वाचले होते. इथे त्यांना त्या लढ्यात प्रत्यक्ष राबलेली माणसे भेटली, हा फरक मला मोठा वाटतो.

डिसेंबर 1955मध्ये 'नागपूर टाइम्स'मध्ये त्यांनी बातमी वाचली की अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी, वर्णभेद पाळणाऱ्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला आहे. ज्याची वाट पाहत होतो ते सुरू झाले, या आनंदात ते खोलीत ओरडून नाचले, असे ते पुढे सांगत. पुढच्याच वर्षी ते परतले. (त्याच 1956च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. माणसाच्या प्रतिष्ठेचा लढा शिकायला नागपूर त्या काळी काही वाईट ठिकाण नव्हते.) फेब्रुवारी 1957मध्ये ओबर्लिन कॉलेजात किंग यांची गाठ पडली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण संपवून अमेरिकेच्या वर्णभेदी दक्षिणेत येईन म्हणणाऱ्या लॉसन यांना किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. लॉसन नॅशव्हिलला गेले.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. अहिंसा म्हणजे एक गाल पुढे करणे, गप्प मार खाणे, अशी आपल्याकडे टवाळी चालते आणि गांधी जयंतीच्या भाषणांतही त्यापलीकडे फारसे काही निघत नाही. लॉसन यांच्याकडे ती तालीम होती. चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडून अर्ध्या मुलांनी गोऱ्या गुंडांचे सोंग घ्यायचे. शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली पाडायचे. उरलेल्यांनी हात उचलायचा नाही. खाली पडल्यावर डोके आणि पोट कसे झाकायचे, शेजाऱ्यावर लाथा पडत असतील तर आपले अंग मध्ये कसे घालायचे, कपडे नीटनेटके ठेवून काउंटरकडे तोंड करून ताठ कसे बसायचे, हे सगळे पुन्हा पुन्हा. ज्याला राग आवरत नसे त्याला बाहेरची कामे. या तळघरातून डायना नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लफायेट, जेम्स बेव्हेल असे पुढे नागरी हक्कांच्या लढ्याचे पुढारी झालेले विद्यार्थी तयार झाले.

13 फेब्रुवारी 1960ला शंभराहून अधिक विद्यार्थ्यांनी नॅशव्हिलच्या दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर ठिय्या दिला. दोन आठवड्यांनी त्यांना मारहाण झाली आणि अटक मात्र मार खाणाऱ्यांनाच. एक तुकडी पोलिसांनी उचलली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी तुकडी येऊन बसे. एकदा एक गोरा तरुण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी शांतपणे त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने तो दिलाही! थुंकी पुसून लॉसन यांनी रुमाल परत केला आणि त्याच्याशी मोटारसायकलच्या गप्पा सुरू केल्या. याला कोणी भित्रेपणा म्हणत असेल तर म्हणो. मे महिन्यात ते काउंटर सर्वांसाठी खुले झाले. तोवर, लॉसन जिथे शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने या ठिय्यांपायी त्यांना काढून टाकले होते. याच विद्यापीठाने 2006 साली त्यांची माफी मागून त्यांना शिकवायला बोलावले.

1968मध्ये ते टेनेसीतल्याच मेम्फिसच्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाद्री होते. पावसात आडोशाला कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन काळे सफाई कामगार, गाडीचे दाबयंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडून मेले आणि सुमारे 1,300 कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात अडकवून ते रस्त्याने चालत. आपल्या महापालिकांचे सफाई कामगार कोण असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या फलकाचा अर्थ वेगळा सांगायला नको. संपाच्या डावपेच समितीचे अध्यक्ष लॉसन होते. किंग यांना त्यांनीच बोलावले. 28 मार्चच्या मोर्चात दगडफेक आणि लूट झाली, सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. तालीम नसलेला जमाव आवरत नाही, हे त्या दिवशी तिथे दिसले. लॉसन यांनी मोर्चा मागे फिरवला. 4 एप्रिलला किंग यांची हत्या झाली. 16 तारखेला शहराने युनियनला मान्यता दिली.

किंग यांच्या हत्येसाठी शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला लॉसन तुरुंगात जाऊन भेटत, त्याचे लग्नही त्यांनी तिथेच लावले. त्यांच्या अनेक चाहत्यांना हे पचले नसणार. 1974पासून ते लॉस एंजेलिसमध्ये होते. तिथे हॉटेल कामगार आणि स्थलांतरितांच्या बाजूने उभे राहिले. 9 जून 2024ला वयाच्या 95व्या वर्षी ते गेले. त्यांचा विद्यार्थी जॉन लुईस तीसहून अधिक वर्षे अमेरिकी संसदेत होता.

एक विनंती आहे. 1953 ते 1956 या काळात हिस्लॉपमध्ये शिकलेले कोणी हयात असतील तर ते आता नव्वदीच्या आसपास असतील. आपल्या वार्ताहराने त्यांना शोधून काढावे. मैदानावर शिकवणारा हा अमेरिकन सर वागायला कसा होता, मुलांशी काय बोलायचा, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, आणि हे काम पुढच्या गांधी जयंतीच्या पुरवणीपर्यंत लांबवू नये.

आपला,
एक नियमित वाचक, धरमपेठ, नागपूर