बाबा, ‘कोसला’बद्दल मी बोलले होते ते मागे घेते

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हे सांगायला चारदा सुरुवात केली आणि चारही वेळा भाजीच्या भावावर घसरले, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्यानं वाच. बाबांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही. आणि तुला न आवडणारी वाक्यं गाळू नकोस, मला कळतं.

आधी पुस्तकाचं सांगते, मग दुसरं. दुसरं काय ते आईनं एव्हाना ओळखलं असेलच. गुरुवारी मी फोनवर जरा जास्तच गोड बोलत होते.

ऑपरेशनला मला येता आलं नाही, ते अजून सलतंय. तुम्ही ‘मोतीबिंदूच तर होता’ म्हणालात, तरीही. म्हणून रोज रात्री दहा-बारा पानं वाचून पाठवते आहे, निदान कान तरी माझ्या ताब्यात. वाचतेय ती ‘कोसला’ची तीच प्रत, २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी कारेलीबागेत शिरलं तेव्हा खालच्या कपाटात भिजलेली. मी म्हटलं होतं, ही टाकूनच देऊ. तुम्ही दोन दिवस पंख्याखाली बसून पान न् पान सुटं केलंत. आता ती फुगून पावासारखी झालीय, मिटतच नाही. खालच्या कोपऱ्यात चिखलाची तपकिरी रेघ आहे. पान उलटलं की बारीक माती बोटांना लागते.

एकोणिसाव्या वर्षी मी ती दोन दिवसांत संपवली होती आणि तिसऱ्या दिवशी जेवताना निकाल दिला होता : बापाच्या पैशावर उंडारायचं आणि वर सारखं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. कसली कादंबरी ही! तुम्ही एवढंच विचारलंत, ‘मनीचं वाचलंस?’ मी म्हणाले, हो, पण तिथेही लांबण लावलीय. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. आईनं विषय बदलला. मला वाटलं, मी जिंकले.

गंमत अशी की पुन्हा वाचायच्या आधीच माझं मत बदलून गेलं होतं. कधी, ते सांगता येणार नाही. तेव्हा आवडलेलं, पोरांच्या टिंगलटवाळ्या वगैरे, सगळं विसरून गेले. आणि जे कंटाळवाणं म्हटलं होतं तेच भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर डोक्यात यायचं. गेल्या जूनमध्ये ओजसच्या हॉस्टेलचे पैसे भरले, त्याचा ‘मिळाले’ एवढाच मेसेज आला, तेव्हा एकदम पुस्तकातल्या त्या बापाची आठवण झाली. पुस्तक कपाटात बंद होतं, तरी माझ्यात त्याचं वाचन चालूच होतं म्हणायचं.

नेमाड्यांनी ते लिहिलं तेव्हा ते पंचविशीतले, १९६३ साली छापलं गेलं. एवढ्या वयात नायकाच्या, पांडुरंगच्या, धाकट्या बहिणीचं मरण असं लिहिता येतं! मनीचा भाग मी तीनदा रेकॉर्ड केला. पहिल्यांदा आवाज गेला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाचा पाठवला, त्यात मागे शेजारच्यांचा मिक्सर ऐकू येतोय, माफ करा. वाचताना देव्हाऱ्याशेजारचा दोन वेण्यांचा फोटो सारखा समोर येत होता. लहानपणी एकदा विचारलं होतं तेव्हा तुम्ही ‘देवी आल्या होत्या’ इतकंच म्हणाला होतात. बाबा, त्या जेवणाच्या वेळी मी काय बोलून गेले ते मला आत्ता कळतंय. रागावू नका. हॉस्टेलचा भाग मात्र मला अजूनही लांबलेला वाटतो, तिथे माघार नाही.

पांडुरंग शेवटी सांगवीला परत जातो. मी आणखी लांब चाललेय. बंगळूरची बदली मी घेतली, सही करून टाकली, नोव्हेंबरात रुजू व्हायचंय. विचारलं नाही, कारण तुम्ही लगेच ‘जा’ म्हणाला असतात आणि मग रात्रभर जागे राहिला असतात. आणि खरं पाहता अंतर वाढतच नाहीये. पुण्याहून येताना रेल्वेत अख्खी रात्र जाते. तिथून थेट विमान आहे, दोन-सव्वादोन तासांत बडोदं. पगार वाढतोय, ओजसची फीही सुटेल. (हे सगळं मी आरशासमोरही म्हणून पाहिलंय.)

बाबा, मला मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीची काचेची जमीन आठवते. खाली कुणाची तरी सावली हलायची आणि मी पाय उचलायचीच नाही. तुम्ही म्हणायचात, काच आहे, पण जाड आहे, बोट धर नि चल. घरी येताना सेव-उसळ, आणि आईला सांगायचं नाही. (आई, आता सांगितलं.)

आता ऐका. दोन औषधांच्या थेंबांत दहा मिनिटांचं अंतर हवंच, आई, घड्याळ लाव. डोळा चोळायचा नाही. डोक्यावरून पाणी डॉक्टर सांगतील तेव्हाच. वाकून पाण्याच्या मोटरचं बटण लावायचं नाही, ते सकाळच्या बाईंना सांगितलंय, त्यांचे पैसे मी पाठवेन, त्यावर वाद नको. दुसऱ्या डोळ्याचं दिवाळीनंतर, तेव्हा मी असेन, तिकीट काढलंय. आई, तुझी शुगर तपासून आठ महिने झाले, मी विसरले नाही.

बंगळूरबद्दल लगेच काही बोलू नका. निदान आठ-दहा दिवस तरी जाऊ द्या.

पुढची पानं उद्या रात्री नऊला पाठवते. थेंब घालून झाले की डोळे मिटूनच ऐका.

तुमची
चिमी