ऊन सरकलं तरी

प्रिय सुनंदा,

तुझ्या स्टुडिओचे फोटो पाहिले. चाक बसलं, भट्टी बसली, खिडकीखाली एचिंगचं, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने चित्र कोरायचं, टेबलही लागलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जागेत, त्यांच्या वेळा सांभाळत काम केलंस. आता किल्ली तुझ्या हातात आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण एका फोटोपाशी मी अडकले. खिडकीतून उन्हाची तिरीप आलीय आणि तिच्यात कण तरंगताहेत, तो. खाली तू लिहिलंयस, ‘उजेड बघ काय आहे!’ उजेड सुंदरच आहे. पण ते कण वाळलेल्या मातीचे आहेत गं. ऊन सरकलं की ते फक्त दिसेनासे होतात, हवेतून जात नाहीत.

मातीत सिलिका असते, ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, तर गारगोटीची पूडच असते. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ नाका-घशातून पुढे जाते, आणि त्यातले सगळ्यात बारीक कण फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. आणि असे कण तासन्‌तास हवेत राहतात, म्हणजे सकाळी झाडलेली खोली तू दुपारी श्वासातून आत घेत असतेस. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एक दिवस जिना चढताना दम लागतो. या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार म्हणजे सिलिकोसिस, आणि त्याचं झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून आधी झाडू त्या खोलीतून बाहेर काढ. जमीन ओल्या फडक्याने पूस, टेबल ओल्या स्पंजने. वाळलेलं भांडं पॉलिश पेपरने घासू नकोस, स्पंज फिरव. एप्रनला हात पुसायची तुझी सवय मला माहीत आहे. तो एप्रन वाळला की दर हालचालीला धूळ उडवतो. तो रोज धुवायला टाक आणि घरच्या कपड्यांत मिसळू नकोस.

मी हे इतकं कळवळून का लिहितेय, त्याला कारण आहे. मागच्या वर्षीची एक गोष्ट तुला सांगितलीच नव्हती, तू उगाच काळजी करशील म्हणून. लाकडी चौकटींना जवसाचं तेल लावलं होतं. सुती सदऱ्याच्या चिंध्यांनी पुसून काढलं, चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकला, दिवे बंद केले आणि झोपायला गेले. रात्री करपलेल्या तेलाचा वास आला. जाऊन पाहते तर खोक्यातून धुराची बारीक रेघ निघतेय. चिमट्याने बोळा उचलून उघडला. बाहेरची घडी नुसती पिवळी पडली होती, आत मात्र काळाकुट्ट कोळसा, आणि हवा लागताच तो माझ्या डोळ्यांसमोर भडकला. बादलीभर पाणी होतं म्हणून निभावलं. फूटभरावर टर्पेंटाइनची बाटली होती, सुनंदा.

ना ठिणगी, ना काडी. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. चिंधी पसरलेली असली तर ती उष्णता उडून जाते. बोळ्यात ती कोंडते, कोंडली की वाळणं आणखी वेगाने होतं, आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेते. मला हे ऐकून माहीत होतं, तरी हात सवयीने बोळाच करून गेले. आता घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा अर्धा पाण्याने भरलेला असतो आणि तेलाची प्रत्येक चिंधी त्यात बुडते. तुझ्याकडे उद्याच असा डबा हवा.

त्या रात्रीपासून मी एकच हिशेब धरते: दुखणं किती उशिराने येतं? पटाशी लागली तर लगेच रक्त येतं, आपण सावध होतो. उशिराने येणाऱ्या गोष्टींना मात्र आपण कामाच्या भरात ‘काही नाही गं’ म्हणून मोकळ्या होतो. तुझ्या टेबलावरचं नायट्रिक ॲसिडच घे. प्लेट खायला लागली की जो तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. तेव्हा जरासा खोकला येतो, एवढंच. पण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, फुफ्फुसात पाणी भरू शकतं. तांब्याची प्लेट असेल तर फेरिक क्लोराइड वापर ना! त्यातून असा धूर निघत नाही. डाग पडतात, चष्मा-हातमोजे लागतातच, पण रात्र सुखाने जाते. आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

शिल्पासाठी वेल्डिंग शिकायचं म्हणतेस. तिथेही तेच. काळ्या काचेशिवाय क्षणभर आर्क, म्हणजे वेल्डिंगचा तो झगझगीत उजेड, पाहिला तर तेव्हा काही होत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग होते. बाजूला उभं राहून बघणाऱ्यालासुद्धा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडलास तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि माणसाला वाटतं, फ्लू झाला.

मास्कबद्दल तुझा घोटाळा झालाय. एन-९५ धुळीसाठी चांगला, पण टर्पेंटाइनची वाफ त्यातून सरळ आत येते. वाफेसाठी वेगळ्या कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला, मास्क लागतो. आणि ‘बिनवासाचं’ थिनर म्हणजे निर्धोक थिनर नव्हे; उलट वास नसला की खिडकी उघडायचीच आठवण राहत नाही. ड्रिल आणि लेथपाशी हातमोजे घालायचे नाहीत, केस बांधायचे, बाह्या वर. हे तुला सांगायला नको.

कॉलेजात आपले एक सर ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचे, आठवतं? आपणही ऐटीत तसंच करायचो, आणि पॅलेटवर फ्लेक व्हाइट असायचा, म्हणजे शिसं. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुलींना १९२०च्या आसपास हीच सवय शिकवली होती, आणि त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १७०० साली, इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने लिहून ठेवलं होतं की ग्लेझमधल्या शिशाने कुंभारांचे हात थरथरू लागतात. रोग्याला ‘तू काम काय करतोस?’ हे विचारावं, असं त्याने वैद्यांना बजावलं. आपल्याला डॉक्टर सहसा हे विचारत नाहीत. तू आपणहून सांग: माती, ग्लेझ, आम्ल, सगळं.

पुढच्या महिन्यात मी येतेय. कार्ट्रिजचा मास्क माझ्याकडे एक जास्तीचा आहे, तो आणते. भट्टीसाठी हवा बाहेर टाकणारा पंखा कुठे बसवायचा ते मिळून ठरवू. तोवर नायट्रिकची बाटली उघडू नकोस, मला तसं वचन दे. आणि जमीन ओल्या फडक्याने पुसून झाली की त्याच खिडकीचा, त्याच वेळेचा आणखी एक फोटो पाठव.

तुझीच,
नीला