बल्ब लावून पाहा, मग मोटर बदला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात पावसाळ्यात गाडी कशी सांभाळावी हा मजकूर वाचला. टायर, वायपर, ब्रेकबद्दल जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे. एका ओळीवर मात्र अडलो. बटणाची काच वर येत नसेल तर मोटर गेली असं समजून ती बदलून घ्यावी, अशा अर्थाचं तिथं छापलं आहे. तळेगावात नागपूर-अमरावती हायवेला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अशा 'गेलेल्या' मोटरींचा एक डबाच माझ्याकडे भरून पडला आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त मोटरी बॅटरीला थेट जोडल्या की आजही फिरतात.

आता हे का लिहून राहिलो ते सांगतो. मृग लागून चार दिवस झाले होते. दुपारी एक लाल, दोनच सीटांची, कापडी छताची बुटकी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. शेजारचा चहावाला गाळणी हातात घेऊनच बाहेर आला. सॅन स्टॉर्म! आताच्या पोरांना नाव माहीत नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही स्पोर्ट्स कार आपल्याच देशात, गोव्यात तयार व्हायची. फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. मी ती तोवर फोटोतच पाहिली होती.

"काका, काच खाली गेली अन् आता वर येऊनच नाही राहिली," नागपूरचा पोरगा म्हणाला. ड्रायव्हरच्या बाजूला त्यानं खताचं रिकामं पोतं खोचलं होतं आणि स्वतः अर्धा भिजला होता. शहरातल्या एका वर्कशॉपनं त्याला नऊ हजारांचा आकडा सांगितला होता. मोटर बदला, काचेचं मशीन बदला, आणि या गाडीचा माल आता मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचं मशीन बसवायला दार आतून थोडं कापा! फायबरचं दार कापायचं म्हणजे काय, ते ज्यानं सांगितलं त्यालाच ठाऊक.

पण मीही काही कमी चुकलो नाही. दाराचं पॅनल काढलं, मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, सोडवला, मीटर लावला. बटण वर दाबलं तर 12.4 व्होल्ट. खाली दाबलं तर तेच 12.4, फक्त उलटे. ही उलटापालट बरोबरच असते. मोटरला दोनच वायरी, बटण त्यांचं प्लस-मायनस बदलतं, म्हणून काच वर नाही तर खाली जाते. करंट येऊन राहिला, मोटर हलत नाही, म्हणजे मोटर गेली. मी तसं बोलूनही बसलो. माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो. तो म्हणाला, "मामा, एकदा डायरेक्ट लावून तर पाहू." बॅटरीवरून दोन वायरी आणून मोटरला टेकवल्या, तर काच सर्रकन वर! चहावाला हसला. तीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला ते हसू कसं लागतं ते लिहीत नाही.

शेतकरी वाचकांना यातली गोम लगेच कळेल. मोटरपंपाच्या डब्यात टेस्टर लावला की दिवा पेटतो, पण स्टार्टर दाबला की पंप नुसता घूं करून राहतो. दिव्याला करंट किती लागतो? नावालाच. मीटरचंही तसंच. वायर आतून कुजली असली तरी तिच्यावर काम पडत नाही तोपर्यंत ती पूर्ण व्होल्टेज दाखवते. तिच्याकडून काम घेतलं की उघडी पडते.

म्हणून मग हेडलाइटचा 55 वॅटचा जुना बल्ब कपलरला जोडला. चांगल्या वायरीवर तो चारसाडेचार ॲम्पियर ओढतो, म्हणजे मोटरसारखंच काम करून घेतो. बटण दाबलं. बल्ब पेटला, पण विडीच्या टोकासारखा लालसर. मीटर आता 7 दाखवत होता. पाचावर व्होल्ट वाटेतच कुठंतरी खर्च होत होते. काच खाली जायची आणि वर यायची नाही, त्याचंही उत्तर हेच. खाली जाताना काचेचं वजन मदतीला असतं. चढताना मोटरला जोर लागतो, जोर लागला की करंट जास्त, आणि करंट जितका जास्त तितके व्होल्ट वाटेत जास्त खर्च.

माझा पहिला संशय अर्थिंगवर होता. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते, स्क्रू कुठंही मारा, चालतं. फायबरमध्ये तसं होत नाही. अर्थिंगची वायर थेट चासीपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते, आणि जुन्या फायबरच्या गाडीत गाण्यांचा टेप बसवणारे ही गोष्ट हमखास विसरतात. तो बोल्ट खोलून सँडपेपरनं घासला. बल्बमध्ये काही फरक नाही.

मग बल्ब तसाच पेटता ठेवून वायरीवर बोटं फिरवत गेलो. दार आणि बॉडीच्या मधे, बिजागरीपाशी, वायरी एका रबरी नळीतून जातात. ती नळी हाताला कोमट लागली. पावसाळी गार हवेत, उभ्या गाडीत, कोमट! रबर मागं सरकवलं तर आत पाच वायरी. जाड निळीचं वरचं कातडं अगदी शाबूत, पण वाकवली तर सुतळीसारखी लवली. चिरून पाहिली. आतले तांब्याचे तंतू तुटलेले, हिरवे पडलेले, तीन-चारच एकमेकांना कसेबसे टेकलेले. दोष गाडी बनवणाऱ्यांचा नाही. पंचवीसेक वर्षं दार उघडा, लावा, उघडा, लावा, मग तांबं तरी किती सोसणार.

तिथं नुसती पिळून टेप मारली असती तर पुढच्या पावसात गाडी परत आली असती. वाकण्याच्या जागेवर जोड ठेवायचा नसतो. बारीक तंतूंची लवचीक वायर घेतली, नळीच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडे जोड काढले, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. बल्ब लावला तर डोळे दिपले. मोटर जोडली, काच वर गेली.

रविवारच्या मजकुरात दोन ओळींची जागा असती तर आणखी हेही छापता आलं असतं. काच अडली तर बटण दाबून धरू नये. बऱ्याच मोटरींत गरम झाल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते, थोड्या वेळानं त्या पुन्हा चालतात, आणि लोकांना वाटतं मोटर लहरी झाली. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालू नये, मग फ्यूजऐवजी वायर जळते. बीडिंगमध्ये, म्हणजे काचेच्या कडेच्या रबरी पट्टीत, तेल तर मुळीच सोडू नये. आमच्याकडे जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचा तंतू असतो. तो तेलाला चिकटून बीडिंगची वात होते. सिलिकॉन स्प्रे पुरतो. दाराच्या खालच्या कडेची पाण्याची भोकं काडीनं मोकळी करावी.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर एवढंच छापा: मोटर बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी ती बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा, आणि कपलरवर बल्ब लावायला सांगा. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाला तर गाडी घेऊन पुढच्या दुकानात जा. मग ते दुकान माझं असलं तरी चालेल, नसलं तरी.

त्या पोराकडून मी साडेतीनशे रुपये घेतले. त्यानं मला टोल नाक्याच्या दिशेनं थोडं अंतर गाडी चालवू दिली. चहावाल्यालाही बसायचं होतं, पण मी मुद्दाम वेळ लावला.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा
(नाव छापू नये. त्या डब्यातल्या काही मोटरी इथल्याच दुकानांतून आलेल्या आहेत.)