आगटीविना हुरडा आणि जनरेटरमागचा शेतकरी

महोदय,

कालच्या अंकात हुरडा व कृषी महोत्सवाला दिलेले अर्धे पान वाचले. फोटो झकास आहेत. फेटेवाले पाहुणे काय, बैलगाडीत बसून सेल्फी काढणारी मंडळी काय! 'अस्सल गावरान हुरड्यावर ताव' असेही आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. तो हुरडा आमच्याच शेतातला होता, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझा पुतण्या पहाटे अंधारात गुळभेंडी ज्वारीची कणसे खुडून टेम्पोने निघाला. सोबत गोवऱ्यांचे पोते, वहिनींनी रात्री जागून कुटलेल्या तीळ, जवस आणि लसणाच्या चटण्या, गूळ. फाटकावर गोवऱ्या अडवल्या. लॉन जळेल, धुराने पाहुण्यांना त्रास होईल! मग हुरडा भाजायचा कशावर? आयोजकांनी मोठ्या मनाने विजेची शेगडी आणि एक चकचकीत पॅन दिला.

ज्याने आयुष्यात एकदा तरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांच्या आगटीभोवती बसून हात भाजून घेतले आहेत, त्याला पुढचे सांगायला नको. कणीस निखाऱ्यात भाजल्याशिवाय तुसातून दाणा नीट सुटत नाही. पोराने कच्चीच कणसे चोळली, निम्मे दाणे फुटले, चीक पॅनला चिकटून करपला. उरलेले कोमट दाणे प्लास्टिकच्या डबीत भरून वर शेव आणि कोथिंबीर! डबी दीडशे रुपयांना. यालाच आपण 'अस्सल' म्हटलेत. प्रतिनिधींनी खाऊन लिहिले की पाहून, एवढेच विचारायचे आहे.

बरे, स्टॉल तरी कुठे? थेट जनरेटरच्या मागे. पुढच्या रांगेत ट्रॅक्टर कंपनी, 'निसर्गाच्या कुशीत' प्लॉट विकणारे आणि मोमोवाले. ज्वारीच्या पिझ्झ्याला पहिले बक्षीस मिळाले, अभिनंदन. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, तेव्हापासून ज्वारीची भाषणे फार ऐकतो आहे. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. वाळलेली ज्वारी आणि हुरडा एक नव्हे, एवढे मलाही कळते. पण दीडशेच्या डबीतून स्टॉलचे भाडे आणि टेम्पो वजा करून पुतण्याच्या हातात काय पडले, ते त्याने घरी सांगितलेले नाही. आम्हीही विचारले नाही.

आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला अख्खे गाव शेतात असते. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. या महोत्सवात मात्र दारातच तिकीट. पुतण्यासाठी घरून डबा घेऊन गेलेल्या वहिनींनाही तिकीट काढायला लावले! हुरडा त्यांच्या शेतातला, चटण्या त्यांच्या हातच्या, आणि मनगटावर गुलाबी पट्टी बांधल्याशिवाय आत प्रवेश नाही. त्यांनी ती पट्टी घरी येऊन चुलीत टाकली.

आयोजकांना माझे सांगणे नाही, ते पुढच्या वर्षी आणखी मोठे लॉन घेतील. आपल्याला मात्र आहे. जाहिरातीच्या पत्रकावरची वाक्ये बातमीत उतरवण्याआधी जनरेटरच्या मागेही एक चक्कर मारत जावी.

जाता जाता आणखी एक. बाजार समितीचे भाव पूर्वी सविस्तर यायचे, आता शब्दकोड्याखाली चार ओळीत उरकतात आणि सोयाबीनचा आकडा बऱ्याचदा आदल्या दिवशीचाच असतो. महोत्सवाला अर्धे पान निघते, तर भावांना पाव पान निघायला हरकत नसावी.

कळावे,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर